झाकलेला नंबर

"नंबर का झाकलाय?" मी विचारलं.

डुबल नावाच्या त्या माणसाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग ललिताकडे, मग हातातल्या चहाच्या कपाकडे. कऱ्हाडच्या अलीकडे हायवेला लागून त्याचं जुन्या गाड्यांचं यार्ड होतं. पंचवीस-तीस गाड्या उन्हात ओळीने उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या नंबरप्लेटवर यार्डाच्या नावाची लाल पट्टी चिकटवलेली होती.

"पद्धत हाय मॅडम. समदीच झाकत्यात."

"सगळे झाकतात हे कळलं. का झाकतात ते विचारतेय."

"आता काय सांगायचं." त्याने कप खुर्चीखाली ठेवला. "मोबाइलवर नंबर दिसला की लोक उचलत्यात. तसलीच दुसरी पाटी करायची, पंपावर तेल भरून पळायचं, सिग्नल तोडायचा, आन् दंडाची पावती मूळ मालकाच्या घरी. मालकाच्या भल्यासाठी झाकतो आमी."

"आणि तीच गाडी रस्त्यावर फिरते तेव्हा? तेव्हा मालक तिच्या नंबरावर पदर घालून फिरतो का?"

ललिता तोंडावर हात ठेवून हसली. तिच्या हसण्याने मला आणखी चेव आला.

"दिवसाला हजार माणसं बघतात तो नंबर," मी म्हणाले. "त्यांच्यात कुणी चोर नसतो. आणि गिऱ्हाईक तेवढं चोर. ज्याला गाडी घ्यायची आहे, ज्याला त्या नंबरावरून गाडीची चार कागदपत्रं तपासता येतील, नेमकं त्यालाच तो दिसू द्यायचा नाही. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, डुबल."

"मॅडम टीचर दिसताय."

"दिसत नाही, आहे. सांगलीच्या आयटीआयमध्ये शिवणकाम शिकवते."

"उलटी बाजू बघितल्याशिवाय कापड घ्यायचं नाही," ललिता पाठ केल्यासारखं म्हणाली. "दुकानदार चिडला तरी चालेल, पण ठाण उलगडून बघायचं. मॅडमचा पहिला धडा."

ललिता वायदंडे ही माझी आठ वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी. हुशार होती, पण पहिल्या महिन्यात इतकी घाबरट की मोटारीच्या मशीनजवळ जायची नाही. एकदा मी तिच्या मशीनची सुई बघायला वाकले, बोट दाबपट्टीखाली होतं, आणि हिचा पाय पॅडलवर पडला. सुई माझ्या उजव्या तर्जनीच्या नखातून आरपार गेली. मी चाक हाताने उलटं फिरवून सुई वर घेतली, बोट रुमालात गुंडाळलं आणि मग चक्कर येऊन पडलेल्या ललिताच्या तोंडावर पाणी मारलं. दुसऱ्या दिवसापासून ती यायचीच बंद झाली. तासगावला तिच्या घरी जाऊन मी तिला हाताला धरून परत आणली. ते नख पुढे मधोमध दुभंगून वाढायला लागलं, ते आजतागायत.

तेव्हापासून दर दसऱ्याला ललिता सोनं घेऊन यायची. आपट्याची पानं माझ्या हातात ठेवायची, पाया पडायची आणि ते बोट उचलून बघायची. "अजून तसंच का हो मॅडम?" हा प्रश्न ठरलेला, आणि "तुझी सही आहे ती, पुसली कशी जाईल?" हे माझं उत्तर ठरलेलं.

आता तासगावात तिचं ब्लाऊज शिवायचं दुकान होतं. नवरा अनिल बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजात कामाला. सासूबाईंच्या दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्यातून दोनदा मिरजेला डायलिसिस. जाताना एसटीने त्या कशाबशा जायच्या, येताना मात्र स्टँडच्या बाकावर आडव्या व्हायच्या आणि दोन-दोन गाड्या सोडाव्या लागायच्या. ललिताने दोन लग्नसराया पाठ मोडून ब्लाऊज शिवले होते ते एका गाडीसाठी. अनिल गाडी चालवायला नुकताच शिकला होता. असल्या माणसांना गाडीतलं काय कळणार? म्हणूनच तिने डुबलच्या यार्डाची ती जाहिरात माझ्या मोबाइलवर पाठवली होती. खाली लिहिलं होतं, 'मॅडम, ही चांगली वाटते. सरांना विचाराल का?'

जाहिरातीत पांढऱ्या छोट्या गाडीचे चार फोटो होते. वर मजकूर असा: 'शिक्षिकेने वापरलेली गाडी. एकच मालक. फिरली कमी, जपली जास्त.' समोरच्या बाजूच्या फोटोत नंबर हाताने झाकलेला होता.

मी लगेच फोन केला. "घाई करू नकोस. पैसे देऊ नकोस. मी येते तुझ्याबरोबर बघायला."

"तुम्ही स्वतः येताय?" तिचा आवाज एकदम हलका झाला. "मग काय काळजीच नाही मला."

आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं बाहेर काढलं नाही. "कऱ्हाडपर्यंत कशाला तडफडत जातेस? फोनवरच सांग घेऊ नको म्हणून."

"कारण काय सांगू?"

त्यावर त्यांनी पेपरचं पान उलटलं.

तर अशा रीतीने जानेवारीतल्या एका रविवारी अकराच्या सुमाराला आम्ही दोघी त्या यार्डात उभ्या होतो. अनिलला रजा मिळाली नव्हती. डुबलने आम्हाला त्या गाडीपाशी नेलं. ओळीत शेवटून तिसरी. अंगाला मेण घासून चकचकीत केलेलं, टायरांना काळं पॉलिश, डॅशबोर्डवर नवा कोरा गणपती. दार उघडल्याबरोबर अगरबत्तीचा असा भपकारा आला की मला ठसका लागला.

"एवढी अगरबत्ती?"

"रोज सकाळी पूजा असती आमच्यात."

"पंचवीस गाड्यांत सगळ्यांत जास्त भक्ती ह्याच गाडीत दिसते."

ललिताचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. ती मागचं दार उघडून आत बसली होती. सीटवरून हात फिरवत होती, मापं घेतल्यासारखी. "मॅडम, आई इथं आडव्यासुद्धा होऊ शकतील," ती म्हणाली. "पाय थोडे दुमडायला लागतील, पण होतील. येताना झोपूनच येतील." मग खिडकीची काच खाली-वर करून बघितली आणि लहान मुलीसारखी खूश झाली.

मला तिथे पाहवेना. मी डुबलकडे वळले.

"गाडी कुठली आहे?"

"सांगली जिल्हा."

"पुरातली?"

"काय मॅडम तुमीबी." तो मनापासून दुखावल्यासारखा दिसला. "जतची गाडी हाय ही. जतला प्यायचं पानी टँकरनं येतंय, तिथं पूर कुठनं येनार?"

"खरंच की," ललिता आतून म्हणाली. "माझी मावशी असते जतला. पाण्यासाठी रात्र-रात्र उभ्या राहतात बाया."

तिला ते पटलं होतं. माझ्या मात्र मस्तकात तिडीक गेली. खोटं बोलावं, पण त्या खोट्यासाठी दुष्काळी गावाची तहान वापरावी? इतका निर्ढावलेपणा माणसात येतो कुठून, असं मला वाटलं. खरोखर तसंच वाटलं, हे मला आज मुद्दाम सांगायचं आहे.

"पट्टी काढा. नंबर बघू."

"टोकन दिल्यावर काढतो की."

"आर.सी. बुक दाखवा मग."

"ते एजंटाकडं हाय. सौदा ठरला की सांजच्याला येतंय. बगा मॅडम, जबरदस्ती न्हाई. तीनला साताऱ्याची पार्टी येतीय बघायला. ताईंनी आदी फोन केला म्हनून मी थांबलोय."

आर.सी. बुक तिथे नाही हे ऐकून मला बरं वाटायला नको होतं, पण वाटलं.

"हे बघा," मी म्हणाले, "पूर काय असतो ते मला शिकवू नका. श्रावणात आमच्या दारात पाणी आलं ते पहिल्या मजल्याच्या कठड्याला लागलं. सहा दिवस गच्चीवर काढलेत आम्ही. पाणी उतरल्यावर गल्लीत गाड्या कशा उभ्या होत्या ते मी बघितलंय. त्यांच्या पोटातून चिखल काढला, तारा सुकवल्या, वरून पॉलिश मारलं तरी आतलं कुजणं थांबत नाही. आज चालते, उद्या घाटात बंद पडते. ब्रेक लागतो, लागतो आणि एके दिवशी लागत नाही. आणि तिच्यात डायलिसिसहून आलेली म्हातारी झोपलेली असते."

"मॅडमची स्वतःची गाडी बुडाली हो पुरात," ललिता डुबलला हळूच म्हणाली. "शेवटी भंगारात द्यावी लागली."

डुबलने सहानुभूतीने मान हलवली. मी विषय बदलला. ललिताला म्हणाले, "पुढे ये. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बस. पट्टा ओढ."

ती बसली, पट्टा ओढला. करडा, स्वच्छ, धुतलेला.

"लावतात तेवढा नाही. संपेपर्यंत ओढ. जोर लाव."

"तुटंल की ओ," डुबल म्हणाला आणि अर्धं पाऊल पुढे आला.

पट्टा येत राहिला, येत राहिला, आणि शेवटच्या हातभर लांबीला त्याचा रंग बदलला. पिवळट तपकिरी. कडेला सरळ रेघ. मी तो भाग दोन्ही हातांनी धरून दुमडला तशी वाळलेली माती ललिताच्या मांडीवर पडली. आतल्या गुंडाळीपर्यंत कुणाचा हात पोचत नाही. सगळं धुतात, तेवढं राहतं.

"हा कृष्णेचा गाळ आहे, डुबल," मी म्हणाले. "कृष्णामाई जतला कधी गेली होती?"

तो अर्धं पाऊल मागे सरला. हायवेवरून एक उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला. ललिताने मांडीवरची माती झटकली नाही. ती माझ्याकडे बघत होती, वर्गात बघायची तशी. "मॅडम," ती म्हणाली, "तुम्ही आला नसतात तर काय झालं असतं? मी टोकन घेऊनच आले होते."

मी तिथेच थांबायला हवं होतं. पट्टा सोडायचा, पोरीचा दंड धरायचा आणि बाहेर पडायचं. ज्या कामासाठी आले होते ते झालं होतं, कुठल्याही कागदावरचं नाव पुढे यायच्या आत झालं होतं. पण माणसाला खरं बोलायची एकदा झिंग चढली की जीभ आवरत नाही. आणि मी तर वीस वर्षं वर्गात बोललेली बाई.

"लाज वाटत नाही?" मी म्हणाले. "ही पोर माणूस वाचवायला गाडी घेतेय आणि तुम्ही तिला बुडालेलं खोकं अगरबत्ती लावून विकताय. वर 'शिक्षिकेने वापरलेली'. शिक्षिकेचं नाव घेतलं की माणूस विश्वास ठेवतो, हे बरोबर ठाऊक आहे. मालकाच्या भल्यासाठी नंबर झाकतात म्हणे! नंबर दिसला तर मालक सापडतो, आणि मालक सापडला की पूर सापडतो, म्हणून झाकता. त्या फोटोत नंबरावर ज्याने हात ठेवलाय ना, त्याला पक्कं माहीत होतं आपण काय झाकतोय ते. पट्टीचं एक वेळ सोडा, ती निर्जीव असते. पण जित्या माणसाने स्वतःचा हात ठेवायचा म्हणजे..."

"एक मिनिट," डुबल म्हणाला. "कसला हात?"

"जाहिरातीतला."

"आमी हात ठेवत न्हाई मॅडम कदी. बगा की, समद्यांना पट्ट्या हायत." त्याने खिशातून मोबाइल काढला. तो चिडला होता; गाळ सापडल्यावर मागे सरलेल्या माणसाला ह्या आरोपाने बोलायला जागा मिळाली होती. "गाळाचं तुमी म्हनाल ते ऐकून घेतो. पन फोटो आमचा न्हाई. एजंटानं धाडला तसा चढवला. मूळ मालकानं जाहिरात टाकली व्हती दिवाळीत, तिथलाच हाय त्यो. ताई, तुमीच बगा. बाईमानसाचा हात हाय ह्यो. बांगड्या बगा."

त्याने दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि मोबाइल ललिताच्या हातात दिला.

ललिताने तो घेतला. तिने आधी तो फोटो पाहिला होता, पण गाडी घेणारा माणूस गाडी बघतो, हात कशाला बघेल? आता तिने बघितला. मग स्वतः आणखी मोठा केला. मग तिने मान वर केली, पण माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. पट्टा अजून माझ्या उजव्या हातात होता. ती तिथे बघत होती.

मी हात पदराखाली घेतला. वय वर्षं बावन्न, आणि मी चोरी पकडलेल्या पोरासारखा हात लपवला.

"दाखवा," ती म्हणाली.

"ललिता..."

"बोट दाखवा, मॅडम."

मी दाखवलं. तिने दसऱ्याला धरायची तसंच ते दोन बोटांत धरलं. मोबाइल त्याच्या शेजारी धरला. नंबरप्लेटवर पसरलेला पंजा, दोन हिरव्या बांगड्या, आणि तर्जनीचं मधोमध दुभंगलेलं नख.

"ही गाडी तुमची आहे," ती म्हणाली.

"होय."

"भंगारात दिली म्हणाला होतात."

"तसं सगळ्यांनाच सांगितलं होतं."

सांगण्यासारखं फार नव्हतंच. विमा होता तो दुसऱ्याच्या नुकसानीचा. आमच्या गाडीला त्यातून काही मिळणार नव्हतं. आमच्या ह्यांनी एक मेकॅनिक गाठून महिनाभर खटपट करून ती सुरू केली. सांगलीत पुरातली गाडी कोण घेणार? मग जाहिरात. दिवाळीच्या आधीच्या रविवारी दुपारी हे मोबाइल घेऊन समोर उभे राहिले आणि म्हणाले, "नंबर दिसतोय. तू जरा हात ठेव."

मी म्हटलं, ही फसवणूक आहे.

"सगळेच झाकतात. नंबराचा गैरवापर होतो हल्ली."

मी पंधरा मिनिटं भांडले. कोंबडं झाकल्याची म्हणही मी तेव्हाच पहिल्यांदा वापरली होती. हे काही न बोलता मोबाइल धरून उभे राहिले, आणि मग मी वाकून हात ठेवला. पत्रा उन्हाने इतका तापला होता की तळवा भाजला. "लवकर काढा हो" असंही मी म्हणाले. 'शिक्षिकेने वापरलेली' हे वाक्य ह्यांचं, पण 'फिरली कमी, जपली जास्त' हे माझं. एजंट आला, त्याला गाडी बुडालेली ठाऊक होती, म्हणजे आपण कुणालाच फसवलं नाही, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. कोऱ्या फॉर्मवर मी सह्या केल्या. तो पुढे कुणाला विकेल हे मी विचारलं नाही. विचारलं की कळतं, म्हणून विचारलं नाही.

ललिताने जाहिरात पाठवली तेव्हा मी गाडी ओळखली नव्हती. पांढऱ्या गाड्या ढिगाने असतात. मी माझा हात ओळखला होता.

डुबलच्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. पडल्यावर तो हसला नाही, हे त्याचं चांगलं. "चोराच्या उलट्या बोंबा म्हनत्यात, त्या ह्याच काय मॅडम?" एवढंच त्याने शांतपणे विचारलं.

"तुम्ही गप्प बसा," ललिता त्याच्यावर कडाडली. "गाळ तुम्हालाही माहीत होता." मग माझ्याकडे वळली. आवाज उतरलेला होता, आणि तो उतरलेला आवाजच मला सहन होईना. "फोनवर सांगायचं होतंत. 'ललिता, ती आमचीच गाडी आहे, पुरात बुडाली होती, घेऊ नको.' एवढंच म्हणाला असतात तर मी नसती घेतली. तुम्हाला काही बोललेही नसते."

"लाज वाटली ग मला."

"म्हणून मला इथपर्यंत आणलंत? माझ्यासमोर ह्यांना झाडायला?" तिने मोबाइल डुबलला परत दिला. मांडीवरची माती आता झटकली. "मघाशी मी म्हणत होते, मॅडम नसत्या तर काय झालं असतं. मॅडम नसत्या तर ह्या नंबरावर हातच नसता."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशी माझी गत झाली होती.

"सुई लागली तेव्हा," ती म्हणाली, "प्राचार्यांनी विचारलं, कुणाच्या चुकीने लागली? मी रडत होते. तुम्ही म्हणालात, 'माझ्याच. मीच पॅडल दाबलं.' नाहीतर मला काढूनच टाकलं असतं. मला वाटायचं, मॅडम आयुष्यात एकदाच खोटं बोलल्या आणि ते माझ्यासाठी बोलल्या. आठ वर्षं मी त्या एका खोट्याच्या पाया पडायला येत होते."

ती गाडीतून उतरली, दार लावलं. आपटलं नाही, जुनं सामान जपून ठेवावं तसं लावलं आणि फाटकाकडे चालायला लागली.

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मला आला राग. डुबलचा आला, ह्यांचा आला, पेपरचं पान उलटणाऱ्या त्या हाताचा आला, पण सगळ्यांत जास्त आला तो माझ्या त्या पंधरा मिनिटांच्या भांडणाचा. भांडले म्हणजे माझी जबाबदारी संपली, असं मी समजत आले होते. जन्मभर भांडत आले होते आणि भांडून झाल्यावर सांगतील तिथे हात ठेवत आले होते.

मी गाडीच्या पुढे जाऊन वाकले आणि लाल पट्टीच्या कोपऱ्यात नख घातलं.

"ओ मॅडम, काय करताय?"

"गाडी अजून माझ्या नावावर आहे ना?"

"कोऱ्या फॉर्मवर सही हाय तुमची."

"सही माझी आहे, ती मी उद्या आरटीओत जाऊन लेखी मागे घेते. काय करायचं ते करा."

दुभंगलेलं नख पट्टीखाली अडकून आणखी फाटलं, पण पट्टी निघाली. एम.एच. दहा आणि पुढचा आमचा नंबर. काठाच्या स्क्रूपाशी तिथेही थोडा गाळ राहिलेला होता. मी माझ्या मोबाइलवर त्याचा फोटो काढला. मध्ये काही न येऊ देता काढला. दिवाळीत जिथे जाहिरात टाकली होती तिथेच तो लगेच चढवला आणि खाली लिहिलं, 'ही गाडी सांगलीच्या पुरात सहा दिवस बुडालेली आहे. कुणीही घेऊ नये. मालक: हेमलता सदानंद बेडगे.' डुबल दोन-चार गिऱ्हाइकांसमोर माझ्याशी बराच वेळ भांडला. मी भांडले नाही.

फाटकाबाहेर आले तेव्हा ललिता एसटीला हात करत होती. सांगलीची, तासगावमार्गे जाणारी. आम्ही दोघीही चढलो. ती पुढच्या बाकावर बसली आणि शेजारच्या जागेवर तिने पर्स ठेवली. टोकन आणलेलं त्याच पर्समध्ये होतं. मी मागे बसले. तासगावला उतरताना तिने वळून पाहिलं नाही. मीही हाक मारली नाही; कोणत्या तोंडाने मारणार होते?

पुढचं थोडक्यात सांगते. मी आरटीओत अर्ज दिला, एजंटशी आणि ह्यांच्याशी उभा दावा मांडला, आणि चार महिन्यांनी ती गाडी परत घेऊन खरोखर भंगारात घातली. पत्रा कापताना मी तिथे उभी राहिले. ह्यांनी पंधरा दिवस अबोला धरला. धरू दे म्हटलं.

त्या दसऱ्याला ललिता आली नाही. पुढच्याही नाही. मी संध्याकाळपर्यंत बाहेरच्या खोलीत बसून राहायचे आणि दिवा लावायला उठायचे. तिच्या सासूबाईंचं कसं काय चाललंय हे तासगावच्या दुसऱ्या एका विद्यार्थिनीकडून कळायचं. बाकावर आडव्या होतात अजून, एवढंच कळायचं.

तिसऱ्या दसऱ्याला दुपारी मोबाइल वाजला. ललिताचा फोटो होता.

राखाडी रंगाची छोटी गाडी, वापरलेलीच. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. झेंडूचा हार नेहमी नंबरप्लेटवरून लोंबतो. हिने तो आरशांना बांधून वर घेतला होता. पुढच्या सीटवर तिच्या सासूबाई, वाळून काटकी झालेल्या, पण बसलेल्या. गाडीच्या एका बाजूला अनिल. दुसऱ्या बाजूला ललिता, ताठ उभी, दोन्ही हात पाठीमागे घेतलेले. मध्ये नंबर, सगळाच्या सगळा.

खाली एक अक्षरही लिहिलं नव्हतं.

"कुणाची गाडी?" ह्यांनी विचारलं.

"ललिताची."

मी फोटो मोठा करून पाहिला. उत्तर काय लिहावं ते कळेना. अभिनंदन लिहिलं, खोडलं. क्षमा कर लिहिलं, तेही खोडलं. शेवटी फोटोत बघून तिच्या गाडीचा नंबर लिहिला, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या आकड्यापर्यंत, आणि तेवढाच पाठवला.

तिने तो वाचल्याची खूण लगेच उमटली. मी मोबाइल हातात घेऊन दिवेलागणीपर्यंत बसून होते.